आमच्या भिंतीवरचा खटारा

निवडणूक जवळ आली की आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर खटारा उमटायचा. बाबा पत्र्याच्या डब्यात काव कालवायचे, काथ्या कुटून कुंचला बांधायचे आणि एका हातानं दोरी धरून आधी दोन चाकं काढायचे. मग साटा, मग पुढच्या दांड्या. मी सातवीत होते तेव्हा त्यांना विचारलं होतं, "बाबा, याला बैल का नाहीत?" ते हात न थांबवता म्हणाले, "बैल काँग्रेसनं नेले. आपला खटारा माणसांनी ओढायचा."

तेव्हा काँग्रेसची निशाणी बैलजोडी होती. ते साल १९६७. आमचं गाव अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, जिल्हा तेव्हाचा कुलाबा. शेतकरी कामगार पक्षाला, म्हणजे शेकापला, आमच्याकडे कुणी 'शेकाप' म्हणत नसे. 'आपला पक्ष' म्हणत, नाहीतर नुसता 'बावटा'. बावटा लाल होता. तो लाल का, याचं उत्तर मला पुढं पुस्तकांतून मिळालं. पण खारेपाटातल्या माणसानं तो खांद्यावर का घेतला, याचं उत्तर आजीकडे होतं.

आजी चरीच्या संपाची गोष्ट सांगायची, तेव्हा ती वर्षांत मोजायची नाही. "तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा संप झाला आणि तो शाळेत जायला लागला तेव्हा मिटला," असं म्हणायची. पुढं मी हिशेब जुळवला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोताची जमीन कसायची नाही असं ठरलं. पंचवीस गावं त्यात उतरली. संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. शेतकऱ्यानं स्वतःच्या पोटावर पाय देऊन शेत पडीक ठेवायचं, तेही सहा वर्षं. कारखान्यातला संप आपल्याला समजतो. पावसाळा तोंडावर आलेला असताना खाचरात नांगर घालायचा नाही, हा संप समजायला स्वतः भात लावलेलं असावं लागतं.

कारण साधं होतं. जमीन खोताची आणि अंग आमचं. खारेपाटातली जमीन ही देवानं दिलेली जमीन नव्हे. खाडीला बांध घालून, उघाडी बसवून, खारं पाणी बाहेर ठेवून, वर्षानुवर्षं पावसाचं गोडं पाणी मुरवून आमच्या पूर्वजांनी ती केलेली. तरी पिकलेल्या भातातलं निम्मं खोताच्या कोठारात जायचं, कधी निम्म्याहून जास्त. वर वेठ वेगळी. कर्जाची वही खोताकडे आणि ती वाचता येणारा आमच्यात कुणी नाही. आजोबा म्हणायचे, "खंडी पिकली तरी खोताची आणि पायली पिकली तरी खोताची. आपली म्हणून फक्त पाठ."

संपाच्या काळात आजी डोंगरातून लाकडाची मोळी आणायची आणि अलिबागच्या बाजारात विकायची. आजोबा खाडीत मासे धरायचे. दोन वेळा चूल पेटली तो दिवस चांगला. पण तिच्या सांगण्यात एक गोष्ट हटकून यायची: एका वर्षी बांधाला खांड पडली, तेव्हा संपावरचे सगळे जण ती बुजवायला गेले. शेत पडीक होतं, पीक नव्हतं, खोताशी भांडण होतं. तरी गेले. "का गं?" मी विचारायची. "जमीन काय खोताची असते होय?" ती म्हणायची.

खारेपाटात बांध राखायच्या या रीतीला 'जोळ' म्हणतात. एका बांधाच्या आत ज्यांची शेतं, त्यांचा एक जोळ. खांड पडली की घरटी माणूस यायचं, चिखलाचे गोळे हातोहात पुढं जायचे. जो आला नाही त्याला बोल लागायचा. भरती कुणासाठी थांबत नाही, म्हणून जोळातही कुणाची वाट बघत नसत. मी पुढं पक्षाबद्दल जे काही वाचलं, ते नकळत या जोळाशी ताडून बघत आले.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि त्यांनी संपकऱ्यांना पाठिंबा दिला. पुढं त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चानं गेले. विधेयक मंजूर झालं नाही, पण कूळ नावाची कुणी व्यक्ती असते आणि तिला हक्क असतो, हे सरकारला कबूल करावं लागलं. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा नवा कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला, या सगळ्या पायऱ्या आमच्या बांधावरूनही चढत गेल्या आहेत. नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये 'कृषीवल' हे पत्र सुरू केलं. आमच्या ओटीवर ते मोठ्यानं वाचलं जायचं, कारण वाचणारा एक आणि ऐकणारे वीस.

म्हणजे आमच्याकडे पक्ष जन्मायच्या आधीच पक्षाची माणसं तयार होती. पक्ष मात्र घाटावर जन्मला.

त्याचं मूळ दुसरंच होतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून निघालेली ब्राह्मणेतर चळवळ १९२० च्या दशकात पुण्यात केशवराव जेध्यांनी गाजवली. जेधे मॅन्शन हे तिचं घर. पुढं १९३० च्या दशकात जेधे आणि त्यांच्यासारखे बहुजन समाजातले तरुण गांधींच्या लढ्यात आले आणि महाराष्ट्रातल्या काँग्रेसला खेड्यांत पाय मिळाले. जेधे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. पण स्वातंत्र्य दाराशी आलं तेव्हा त्यांना दिसलं की खेड्यातला शेतकरी सभेला चालतो, तुरुंगात चालतो, निर्णयाच्या खोलीत मात्र चालत नाही. जेधे, वकील शंकरराव मोरे, सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख या मंडळींनी आधी काँग्रेसच्या पोटात शेतकरी कामगार संघ काढला. ऑगस्ट १९४७ मध्ये आळंदीला नव्या पक्षाचा पाया घातला गेला आणि १९४८ मध्ये ही मंडळी काँग्रेसमधून पूर्ण बाहेर पडली. देशावर तिरंगा चढत होता त्याच महिन्यात इंद्रायणीकाठी हे दुसरं निशाण उभं राहत होतं. वारकऱ्यांचं गाव त्यांनी निवडलं, याला माझ्या मनात मोठा अर्थ आहे. ज्यांच्यासाठी पक्ष काढायचा ते लोक त्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते.

आणि तीन वर्षांत या पक्षानं आपली भाषा बदलली. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला अधिवेशन झालं आणि तिथं जो प्रबंध स्वीकारला तो 'दाभाडी प्रबंध' म्हणून ओळखला जातो. पक्षाचं तत्त्वज्ञान मार्क्सवाद-लेनिनवाद ठरलं. फुल्यांच्या आसुडापासून निघालेली वाट लेनिनपाशी पोचली. शंकरराव मोऱ्यांची विद्वत्ता त्यामागं होती आणि त्यांचं मन खरं होतं, यात मला शंका नाही. केवळ जातीच्या विरोधावर शेतकऱ्यांचा पक्ष टिकणार नाही, त्याला जमीन कुणाची आणि श्रम कुणाचे हा प्रश्न विचारावा लागेल, हे त्यांनी ओळखलं. मी दाभाडी प्रबंध नोकरीला लागल्यावर वाचला आणि भारावून गेले. बाबांना त्यातली पानं वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे सगळं. पण यात बांध कुठं आहे?"

तेव्हा मला ते बोलणं अडाणी वाटलं होतं. आज ते मला पक्षाच्या सबंध इतिहासावरची सर्वांत नेमकी टीका वाटते.

दाभाडीनंतर पक्ष फुटत गेला. दत्ता देशमुख आणि नाना पाटील बाहेर पडले, कामगार किसान पक्ष निघाला आणि त्यातून पुढं कुणी कम्युनिस्टांकडे गेले, कुणी लाल निशाण पक्षाकडे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत चौदा आमदार आले, मोरे सोलापुरातून लोकसभेत गेले. पण ज्यांनी पक्ष काढला होता त्यांचाच धीर सुटला. जेधे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही गेले, तुळशीदास जाधवही गेले. ज्या घरात दिवा लावला तेच घर सोडून धनी निघून गेला आणि मागं राहिलेल्यांनी दिवा विझू दिला नाही, अशी ती अवस्था.

ते मागं राहिलेले कोण होते? मराठवाड्यात उद्धवराव पाटील, सांगलीकडचे एन. डी. पाटील, आमच्याकडे नारायण नागूंचे वारस आणि कार्यकर्ते, उरण-पनवेलला दि. बा. पाटील, सांगोल्याला गणपतराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं त्यांना पहिलं बळ दिलं. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून शेकापनं विधानसभेत एकतीस जागा मिळवल्या. तेवढं यश पुन्हा कधी आलं नाही. महाराष्ट्र मिळाला आणि १९६२ मध्ये आकडा पंधरावर आला.

असं का झालं, हे मी शिक्षिका म्हणून तालुक्यात फिरताना समजून घेत गेले. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं. साखर कारखाने, सहकारी सोसायट्या, १९६२ मध्ये आलेल्या जिल्हा परिषदा यांतून बहुजन समाजातल्या कर्त्या माणसाला खुर्ची मिळाली. जेधे-मोऱ्यांची मूळ तक्रार, की आम्हाला निर्णयाच्या खोलीत जागा नाही, ती काँग्रेसनं स्वतःच मिटवली. हा बदल घराघरांतून गेला. १९६० मध्ये जेध्यांच्या निधनानंतर बारामतीला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. शेकापचे उमेदवार होते वसंतराव पवार आणि त्यांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसच्या प्रचारात होते. आई शारदाबाईंची सारी हयात शेकापच्या विचारात गेलेली. समोर काँग्रेसतर्फे केशवरावांचे चिरंजीव. ज्यांनी पक्ष काढला त्यांचं घर एका बाजूला, ज्यांनी तो जपला त्यांचं घर मधोमध दुभंगलेलं. त्या एका निवडणुकीत मला सबंध महाराष्ट्राची पुढची साठ वर्षं दिसतात.

तरी ऊस जिथं नव्हता तिथं पक्ष उरला. कुलाब्यात साखर कारखाना नव्हता, खारं पाणी होतं. सांगोल्यात पाणीच नव्हतं. सांगोल्याचे गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मधल्या काळात दोनदा मंत्री झाले. एसटीनं प्रवास करणारा आमदार म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात, पण माझ्या मते त्यांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. पन्नास वर्षं ते एकाच प्रश्नाला चिकटून राहिले: माणदेशाच्या कोरड्या शिवाराला पाणी. दाभाडीत बांध नव्हता असं बाबा म्हणाले होते; गणपतरावांच्या राजकारणात चर, तलाव आणि कालवा होता. विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदावर तर शेकापची माणसं अनेक वर्षं होती: कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, गणपतराव, आमच्या अलिबागचे दत्ता पाटील. एवढ्या लहान पक्षाला एवढा मोठा आवाज होता, कारण प्रत्येकाच्या मागं एक ठरावीक माती होती.

आमच्या जिल्ह्यात ती माती पुन्हा पेटली ती १९८४ मध्ये. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या पंच्याण्णव गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्या गावांतली कुळं आत्ता कुठं मालक झालेली. सातबाऱ्यावर नाव चढून जेमतेम एक पिढी उलटली होती. दिबांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण गेले. माझी मोठी बहीण उरणकडे दिलेली. तिच्या घरी गेलो तेव्हा गावात चुली पेटल्या नव्हत्या. आजी तेव्हा सत्तरीत होती. ती पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "परत तेच." त्या आंदोलनातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचं तत्त्व आलं. त्याच वर्षाअखेरी देशभर काँग्रेसची लाट असताना कुलाब्यानं दिबांना लोकसभेत पाठवलं. पुढं १९९९ मध्ये दिबा शिवसेनेत गेले, तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण त्यांना नावं ठेवू दिली नाहीत कुणाला. "त्या माणसानं माती सोडली नाही, बावटा सोडला," म्हणाले.

शेवटची मोठी लढाई मी स्वतः पाहिली. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेलच्या जमिनी मागितल्या गेल्या तेव्हा एन. डी. पाटील जवळजवळ ऐंशीच्या घरात होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, असा सरळ प्रश्न. मी एका गावात रांग पाहत उभी होते. हातात सातबारा धरून बाया आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, घडीवर विरलेला कागद. एनडी नेहमीच्या खादीत, ठाम आवाजात बोलत होते आणि मला वाटलं, चरीची सभा अशीच असेल. तो प्रकल्प झाला नाही. ती शेतं आजही तिथं आहेत.

पण त्याच वर्षांत मी दुसरंही पाहत होते. चरीला जमीन मिळवायची होती. उरणला तिचं मोल मिळवायचं होतं. पेणला ती राखायची होती. आणि अलिबागला आम्ही ती विकायला लागलो होतो. मुंबईहून लाँच मांडव्याला लागते, तिथून पुढं वाडीवाडीत गुंठ्याचा भाव निघाला. भाताला मजूर मिळेना, मुलं पनवेलला नोकरीला गेली, आणि ज्या खाचरासाठी आजोबांनी सहा वर्षं उपास काढले, त्याच्या भोवती तारेचं कुंपण पडलं. मी कुणालाच दोष देत नाही. माझ्या भावानं विकली, मुलीच्या शिक्षणासाठी विकली आणि ती मुलगी आज डॉक्टर आहे. पण ज्याच्याकडे कसायची जमीन उरली नाही, त्याला शेतकरी कामगार पक्ष कशासाठी हवा? पक्षाच्या नावातला पहिला शब्दच आमच्या हातून सुटत चालला होता. मग निवडणुकीत घराणं उरतं, ठेका उरतो, रस्त्याचं टेंडर उरतं, आणि त्या बाजारात मोठे पक्ष जास्त भाव देतात.

आकडे तेच सांगतात. १९७८ मध्ये तेरा आमदार, १९९५ मध्ये सहा, २००४ मध्ये दोन. २०१९ मध्ये अलिबाग गेलं. गणपतराव उभे नव्हते, तर सांगोलाही हजाराच्या आतल्या फरकानं गेलं. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले, १७ जानेवारी २०२२ रोजी एनडी गेले. २०२४ मध्ये सांगोल्यानं गणपतरावांच्या नातवाला निवडून दिलं. पक्षाचा विधानसभेतला तो एकटा माणूस.

माझ्याकडे बाबांची एक ट्रंक आहे. त्यात 'कृषीवल'चे काही जुने अंक, एक विटलेला बावटा आणि सातबाऱ्याचा उतारा आहे. त्यावर आजोबांचं नाव कब्जेदार म्हणून चढलेलं आहे. बाबा म्हणायचे, "पक्षाचा खरा जाहीरनामा हा आहे." ब्राह्मणेतर, काँग्रेसवाला, मार्क्सवादी, समितीवाला, प्रकल्पग्रस्तांचा, घराण्याचा असे कितीतरी वेष या पक्षानं घातले. माझ्या घरानं त्याला मत दिलं ते त्या एका ओळीसाठी.

गेल्या वर्षी आषाढातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. पूर्वी घरटी माणूस आलं असतं. आता बांधाच्या आतली निम्मी शेतं कुंपणाच्या मालकांची आहेत आणि त्यांना खांड म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही. बातमी कळल्यावर मी गेले. सात माणसं होती, त्यात चार म्हातारी. कुणाच्या खिशाला कमळ होतं, कुणाच्या धनुष्यबाण, एकाच्या डोक्यावर पक्षाची जुनी लाल टोपी. कुणी कुणाचं चिन्ह विचारलं नाही. मी पदर खोचला, चप्पल बांधावर काढली आणि रांगेत उभी राहिले. चिखलाचा पहिला गोळा माझ्या हातात आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जड होता. मी तो पुढच्या हातात दिला.

भरती लागायला दोन तास होते. खांड बुजली.